दोन बोटं

आधी बॅटरीची वायर काढ, आप्पा म्हणाले,
आणि साखरेच्या पोत्यावर बसले, निंबाखाली.
मोतीबिंदू काढून चौथा दिवस,
डोळ्यावर हिरवी पट्टी.
पोरीच्या हाती पाना देणं त्यांना जडच गेलं,
पण बोटं आता धरत नाहीत.

ड्रायव्हरची सीट उचलली. खाली टाकी.
नळीने पेट्रोल ओढलं, एक घोट तोंडात आलाच.
थुंकले, चूळ भरली, पुन्हा थुंकले.
साडेतीन लिटर निघालं,
चहाच्या रंगाचं.
चार बोल्ट. तीन सुटले.
चौथ्याला तेल पाजलं,
मग वाट बघत बसले त्याच्याशेजारी.

अठ्ठावीस वर्षं ही जीप बांगड्या घेऊन हिंडली,
मारवड, बहादरपूर, पार धरणगावापर्यंत.
काच फुटू नये म्हणून आप्पांना खड्डे पाठ,
पण पेट्रोलचा काटा पहिल्याच वर्षी मेला
आणि तो कधी बदलला नाही.
पऱ्हाटीची काडी टाकीत घालायची,
ओली किती झाली ते बोटांनी मोजायचं.
चार बोटं म्हणजे धुळं, जाऊन-येऊन.
दोन बोटं म्हणजे घर.

चौथा बोल्ट दुपारी सुटला.
टाकी निघाली तिथे आरपार भोक,
भोकातून गल्ली दिसली,
आणि शेजारच्यांची कोंबडी,
जीपखालून निवांत चाललेली.

इद्रीस पिंजारी डाकाचं सामान घेऊन आला.
आजा त्याचा कापूस पिंजायचा, हा रेडिएटर जोडतो.
म्हणाला, टाकी रिती शे आप्पा, आते काय भेवानं?
आप्पा पट्टीआडून म्हणाले,
रिती शे म्हणीसनच.
भरेल टाकी नुस्ती जयस.
रिती टाकी उडस.

म्हणजे पाणी. टाकीभर, तेही एकदा नव्हे.
नळ आठव्या दिवशी येणार,
आणि माय हंड्यांसमोर उभी, दारासारखी.
पहिले दोन हंडे तिने दिले.
तिसऱ्याला म्हणाली, हे तर तुळशीलाही चालायचं नाही.
चालणार नव्हतंच. गटारीत सप्तरंग गेले,
ती बघत राहिली.

सोडा टाकला, मूठभर नट टाकले,
इद्रीसने आणि मी टाकी हलवली, पाळण्यासारखी नाही,
भांडणासारखी.
गंज निघाला, आणि गंजाबरोबर काड्या.
मोडलेल्या, काळ्या, नखाएवढ्या, बोटाएवढ्या,
सतरा मोजल्या मी.
वर्षभर जीप चढावर का दम तोडत होती
ते पेपरवर वाळत पडलं.
आप्पांनी एकेक चाचपली.
ही जाड आहे, म्हणाले, त्या साली पऱ्हाटी छातीएवढी होती.
ही कुठल्या सालची, ते बोलले नाहीत.
ती मात्र त्यांनी परत पेपरवर ठेवली नाही.

गळती वर येईल अशी टाकी उभी केली.
पाणी भरलं, दोन बोटं जागा सोडून,
तेवढी लागते, नाहीतर पाणी उष्णता पिऊन टाकतं.
तोंड उघडं. निखारे लांब, गल्लीच्या टोकाला.
इद्रीस तापलेला खड्या घेऊन पळत यायचा,
नवसागराचा धूर, कथील पातळ व्हायचं,
शिवणीवरून चालायचं
आणि मध्येच थिजायचं.
चौदा खेपा.
पंधराव्या खेपेला तो चप्पल विसरला,
तसाच आला.

दुसऱ्या दिवशी टाकी बसवली.
धुळ्याहून आणलेला नवा तरंगता गोळा, नवी वायर.
पाच लिटर ओतलं, चावी फिरवली,
काटा उठला.
किती, आप्पांनी विचारलं.
पाव, मी म्हटलं.
पाव म्हणजे किती?

काट्याकडे बघून सांगता येईना.
भिंतीशी गेल्या हंगामाच्या पऱ्हाट्या रचलेल्या,
एक मोडली, सोलली,
टाकीत घातली, काढली, त्यांच्या हातात दिली.
त्यांनी खालून वर बोटं लावली,
मग पुन्हा एकदा, सावकाश.
अडीच, म्हणाले.

आतून माय ओरडत होती,
हात धू आधी, साबणाने, दोनदा,
मग कळण्याच्या पिठाला लाव.